एकंदरीत सर्वोत्तम बिअर आणि बोरस्ते साहेब

संतोष पगारे आणि धोंडीराम पिंगळे यांचं बोलणं बंद झालं ते बिअरवरून, आणि तेही भल्या सकाळी, एक थेंब न घेता.

काठे गल्लीच्या मागे ‘शुभांगण’ नावाची सोसायटी आहे. तिथल्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर फिरून आलेली ज्येष्ठ मंडळी बसतात. फिरणं नावाला, बसणं हे खरं काम. नाशकातल्या अशा बाकांवर पूर्वापार मिसळीवरून वाद होत आले आहेत. त्यात कुणी जिंकत नाही आणि खरं तर कुणाला जिंकायचंही नसतं. पण अलीकडे गावाच्या चारी बाजूंना स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या ब्रुअऱ्या निघाल्या आणि मुलं-जावई मंडळी वाढदिवसाला वडीलधाऱ्यांना तिथं नेऊ लागली. पगाऱ्यांना त्यांच्या मुलानं गंगापूर रोडच्या ‘बार्लीवाडी’त नेलं. पिंगळ्यांना जावयानं त्र्यंबक रोडच्या ‘तांबट हंडा’त नेलं. दोघांनी आयुष्यात एकेकच ब्रुअरी पाहिली होती, आणि आपण पाहिली तीच नाशकातली सगळ्यात भारी, याबद्दल दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

“ओव्हरऑल बेस्ट म्हणाल तर बार्लीवाडी,” पगारे म्हणाले. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, त्यामुळे समोरच्याचं न ऐकता बोलायची सवय.

“ओव्हरऑल म्हंजी काय ते सांगा आधी.” पिंगळे निफाडकडचे. द्राक्षबाग मुलाच्या हवाली करून फ्लॅटमध्ये राहायला आलेले. “आमच्या हंड्याचं पार्किंग बघा. भरल्याला टेंपो वळतो आतमधी.”

“बिअर प्यायला टेंपो घेऊन कोण जातं, पिंगळे?”

“द्राक्षवाला जातो!”

मग खुर्च्यांच्या गाद्या झाल्या, शेंगदाण्यातली कोथिंबीर झाली, स्वच्छतागृहातला साबण झाला. बिअरचा विषय त्यात फारसा आलाच नाही. शेवटी पगारे म्हणाले, की ज्याला द्राक्षाचं औषध आणि बिअर यांतला फरक कळत नाही त्याच्याशी आपण बोलत नाही. पिंगळे म्हणाले, नका बोलू, लय उपकार होतील. त्या दिवसापासून दोघं बाकाच्या दोन टोकांना बसू लागले. मधल्या जागेत बसायला कुणी धजेना, कारण तिथं बसणाऱ्याला दोन्ही कानांनी दोन वेगळ्या तक्रारी ऐकाव्या लागत.

ती मधली जागा नवनाथराव बोरस्त्यांच्या वाट्याला आली. सगळे त्यांना साहेब म्हणत. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसाएवढा जरी फरक निघाला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर विमानाचे भाग मिळेनात म्हणून ते भाजी, लिफ्टचा दरवाजा आणि जावईशोधासाठी आलेली स्थळं तपासत. सोसायटीतल्या कुणालाही त्यांनी अजून पास केलेलं नव्हतं.

“साहेबांनीच द्यावा निकाल,” कुणीतरी सुचवलं.

“पण मी घेत नाही,” नवनाथराव म्हणाले.

“म्हणूनच!” पगारे एकदम सरसावले. “जो कुठलीच घेत नाही, तोच खरा निःपक्षपाती.”

या युक्तिवादात काही खोट असेल असं बाकावरच्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. नवनाथरावांच्या तर मुळीच नाही. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या निर्णयाला कुणीतरी मान देत होतं. त्यांनी घसा साफ केला आणि नको ती हुशारी केली.

“दोनच नगांची तुलना शास्त्रशुद्ध होत नाही,” ते म्हणाले. “तिसरा नमुना पाहिजे. दोघांनी मिळून ठरवा.”

बाकाच्या दोन्ही टोकांकडून एकाच वेळी उत्तर आलं, “मचाण!”

कित्येक आठवड्यांत त्या दोघांचं एकमत झालेलं नव्हतं, आणि झालं ते नेमकं इथं. नवनाथरावांचा चेहरा पडला. तो का पडला, हे बाकावर कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ओझरच्या अलीकडे हमरस्त्याला असलेल्या त्या ‘मचाण’मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी योगिनी बिअर बनवत असे. बनवत म्हणजे शब्दशः बनवत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पोरगी कुठल्यातरी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून बसेल असं नवनाथरावांना वाटलं होतं. तिनं गमबूट घातले आणि टाक्यांवर चढली. ‘आमची योगिनी फूड प्रोसेसिंगमध्ये आहे,’ असं ते सगळ्यांना सांगत. फूड प्रोसेसिंग म्हटल्यावर लोक फार विचारत नाहीत. लोणची, पापड, जॅम असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि विषय संपतो. सोसायटीतल्या पुतळाबाई तेवढ्या अधूनमधून विचारायच्या, “काय म्हणतंय योगिनीचं फूड प्रोसेसिंग?” आणि नवनाथराव म्हणायचे, “सीझन जोरात आहे.”

त्या रात्री जेवताना त्यांनी परीक्षक झाल्याची बातमी घरात दिली. सुवर्णाताईंनी पोळी वाढता वाढता हात थांबवला.

“अहो, तुम्हाला खोकल्याच्या औषधानं गुंगी येते.”

“मी पिणार नाही. तपासणार आहे.”

योगिनी हसली नाही. खाली मान घालून ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, “पप्पा, बंगळुरूच्या एका ब्रुअरीनं मला बोलावलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय.”

“तिकडे जाऊन काय करणार?”

“हेच. पण तिथं कुणाला सांगायला लाज वाटणार नाही.”

नवनाथरावांनी ताटातलं लिंबू उगाचच दुसऱ्यांदा पिळलं. मुलीनं बंगळुरूला जावं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. या घरात तिच्याशिवाय त्यांच्याशी वाद घालणारं कुणी नव्हतं आणि वादाशिवाय त्यांचं जेवण अंगी लागत नसे. पण ‘जाऊ नकोस’ म्हणायचं, तर पुढचं वाक्य ‘मी सांगेन लोकांना’ असं यायला हवं होतं. ते काही केल्या घशातून बाहेर येईना. ते एवढंच म्हणाले, “रविवारी आम्ही मचाणला येणार. तू जरा... म्हणजे त्या दिवशी सुट्टी घेता आली तर...”

“रविवारी माझी ड्युटी आहे. काळजी करू नका. मी आत टाक्यांपाशी असते. बाहेर येत नाही.” ताट उचलून ती आत गेली.

“सांगून टाका ना एकदाचं,” सुवर्णाताई म्हणाल्या. नवनाथरावांनी दह्याची तारीख तपासायला घेतली.

आता काम घेतलं म्हणजे ते रीतसर व्हायला हवं. आपल्या राज्यात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो, आणि तो तब्येत राखण्यासाठी म्हणून मिळतो, हे नवनाथरावांना ठाऊक होतं. हे ठाऊक असणारे आणि त्याप्रमाणे वागणारे नाशकात ते बहुधा एकटेच असावेत. “हॉटेलात एका दिवसाचा देतात हो, टेबलावर,” पगारे म्हणाले. नवनाथरावांना ते पटलं नाही. आधी माल तपासायचा आणि मग हत्यारं शोधायची, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. ते संबंधित कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव मुद्दामच देत नाही, कारण तिथल्या खिडकीमागच्या बाईंचा यात काही दोष नव्हता.

“परवाना कशासाठी पाहिजे?” बाईंनी विचारलं.

“तपासणीसाठी.”

“तुम्ही खात्यातले का?”

“नाही. सोसायटीतला.”

बाईंनी चष्मा वर केला. “काका, इथं तब्येतीच्या कारणासाठी असं येतं. तुमची तब्येत राखायला दारू लागते, असं लिहा.”

“पण माझी तब्येत उत्तम आहे. खोटं कसं लिहू?”

“मग परवाना कशाला पाहिजे?”

“तपासणीसाठी.”

हे असं गोल गोल बराच वेळ चाललं. रांगेतल्या लोकांनी यात भाग घ्यायला सुरुवात केली. एकानं गुडघेदुखी सुचवली, दुसऱ्यानं झोप न लागणं. एका सद्गृहस्थानं तर स्वतःची मधुमेहाची फाइल पुढे केली. शेवटी नवनाथरावांनी ‘संतोष आणि धोंडीराम यांच्यामुळे डोकेदुखी’ असं खरं कारण सांगितलं, आणि बाईंनी हसू दाबत ‘डोकेदुखी’ एवढंच घेतलं. परवाना घेऊन ते बाहेर पडले, तर फाटकाशी रिक्षातून उतरत होत्या पुतळाबाई. त्या शेजारच्या कार्यालयात रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला आल्या होत्या. त्यांनी आधी पाटी वाचली, मग नवनाथरावांकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली.

“तब्येत बरी आहे ना?” त्यांनी विचारलं.

“डोकेदुखी,” नवनाथराव म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांची इभ्रत गेली.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोहोचली होती. बोरस्ते साहेब पितात. तेही परवाना काढून, म्हणजे किती पीत असतील बघा. तिसऱ्या मजल्यावरची रूपाली एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर घेऊन आली आणि म्हणाली, “काका, यात लाज वाटून घ्यायची नसते. हा आजार आहे.” खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कुठलासा अंगारा पाठवला आणि तो चहातून द्यायला सांगितलं. सुवर्णाताईंनी तो खरोखरच चहात टाकला, त्या म्हणाल्या, आलाय तर वाया कशाला घालवा. एका कुटुंबानं आपल्या मुलांना बोरस्ते काकांकडे गणित विचारायला पाठवणं बंद केलं. याचा मुलांना आनंद झाला आणि नवनाथरावांना मनापासून दुःख झालं. जन्मभरात ज्यानं लग्नातला पानविडासुद्धा सुपारी काढून खाल्ला, त्या माणसाकडे आता वॉचमन लिफ्टमध्ये सहानुभूतीनं बघत होता.

शनिवारी दुपारी पहिली तपासणी ‘बार्लीवाडी’त झाली. नवनाथरावांनी सोबत मोजपट्टी, थर्मामीटर आणि पांढरा रुमाल घेतला होता. गाडी त्यांचीच, कारण दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणं हा निकालावर दबाव ठरला असता. मागच्या सीटवर पगारे आणि पिंगळे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मारुतीच्या मागच्या सीटवर हे सोपं नसतं.

वेटरनं बिअरचा ग्लास आणून ठेवला. वरती पांढराशुभ्र फेस. नवनाथरावांनी मोजपट्टी काढून तो मोजला आणि वेटरला परत बोलावलं.

“हा काय प्रकार?”

“सर, हेड आहे.”

“हेड म्हणजे डोकं, ते आम्हाला कळतं. तीन बोटं नुसता फेस आहे. दूधवाला असं करायचा, त्याला आम्ही बंद केला.”

“सर, बिअरला फेस असतोच.”

“असतो तो तुमच्याकडे ठेवा. आम्हाला माल द्या.”

पगारे शरमेनं शेंगदाण्यांत तोंड खुपसून बसले. वेटरला काय करावं ते कळेना. तेव्हा नवनाथरावांनी स्वतःच रिकामा ग्लास मागवला आणि घरात दूध निववतात तशी बिअर या ग्लासातून त्या ग्लासात वर-खाली करायला लागले. फेस जिरावा हा हेतू. आता बिअर हलवली की काय होतं, हे पिणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण निःपक्षपाती माणसाला कुठून ठाऊक असणार? फेस जिरायच्या ऐवजी फुलला, ग्लासाबाहेर आला, टेबलावरून वाहिला आणि साहेबांच्या इस्त्रीच्या पँटीत मुरला. साहेब हटले नाहीत. फेस संपूर्ण बसेपर्यंत ते ग्लासाकडे बघत राहिले. दरम्यान पिंगळे दोनदा पार्किंग बघून आले.

शेवटी चव घ्यायची वेळ आली. नवनाथरावांनी उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. वेटरनं आधी पगाऱ्यांकडे पाहिलं, मग त्या ओंजळीत चमचाभर बिअर ओतली. साहेबांनी ती तीर्थासारखी ओठांना लावली आणि सवयीनं हात डोक्यावरून फिरवला. पलीकडच्या टेबलावरच्या मुलींनी फोन बाहेर काढले.

“कोमट,” साहेब म्हणाले. “कडवट. किराइताच्या काढ्यासारखी. बुडबुडा नाही, दम नाही.”

“तुम्हीच तर घालवला दम तिचा!” पगारे ओरडले.

“रिजेक्ट,” साहेब म्हणाले.

पिंगळे एवढे खूश झाले, की त्यांनी पगाऱ्यांशी बोलायचं नाही हे विसरून त्यांच्या पाठीवर थाप मारली. पण त्यांचा आनंद तासाभराचाच होता. ‘तांबट हंडा’त पार्किंग खरोखरच उत्तम निघालं आणि साहेबांनी त्याचं कौतुकही केलं. मग आत येऊन फेस मोजला, बिअर निववली, ओंजळ पुढे केली आणि निकाल दिला. कोमट, कडवट, दम नाही, रिजेक्ट. पिंगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच म्हटलं, “ह्या माणसानं इमानं उडू कशी दिली असतील?”

घरी परतताना लिफ्टमध्ये पुतळाबाई भेटल्या. नवनाथरावांच्या पँटीला, शर्टाच्या बाहीला आणि डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांनासुद्धा बिअरचा घमघमाट सुटला होता. “आज डोकं फारच दुखलं वाटतं,” पुतळाबाई म्हणाल्या.

रविवारी निघताना आजारी पडावं असं नवनाथरावांना दोनदा वाटलं, पण परवानाच डोकेदुखीचा असल्यामुळे तेही पटण्यासारखं नव्हतं. योगिनी सकाळीच स्कूटरवरून गेली होती. जाताना ती नेहमीसारखं ‘येते पप्पा’ म्हणाली नाही. बंगळुरूची तिची बॅग अजून भरलेली नव्हती, पण माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवलेली त्यांनी पाहिली. गाडी चालवताना त्यांना सारखी ती बॅग दिसत होती.

‘मचाण’ साधंच होतं. खाली टाक्यांची खोली आणि चार टेबलं, बाकीची टेबलं वर लाकडी माळ्यावर. इथली नागलीची, म्हणजे नाचणीची, बिअर प्रसिद्ध आहे, असं मॅनेजर हर्षल यानं सांगितलं. सुरगाण्याकडून नागली येते म्हणे. तिघांपुढे तीन ग्लास आले. तांबूस रंग, वर जाड फेस. नवनाथरावांनी सवयीनं मोजपट्टी काढली आणि रिकामा ग्लास मागवला. एका ओतण्यात फेस उसळला, फळीच्या फटींतून ओघळला आणि खाली कुणाच्यातरी थालीपिठावर पडला. खालून आरडाओरड झाली.

“सर, प्लीज असं करू नका,” हर्षल काकुळतीला आला. “आमच्या मॅडमना दिसलं तर त्या... थांबा, त्यांनाच बोलावतो.”

“नको, नको!” नवनाथराव अर्धे उठले. पण हर्षल जिन्यावरून खाली गेलाच.

योगिनी वर आली. गमबूट, ओला एप्रन, केस वर बांधलेले, गालावर पिठाचा डाग. तिनं टेबल पाहिलं, मोजपट्टी पाहिली, दोन ग्लास पाहिले. पगारे आणि पिंगळे, दोघंही तिला लहानपणापासून ओळखणारे. ते काही बोलायच्या आत तिनं हात जोडले आणि वडिलांकडे बघत शांतपणे म्हणाली, “नमस्कार सर. काही अडचण आहे का?”

सर. नवनाथरावांना वाटलं, आपण नीट ऐकलंच नाही. त्यांच्याकडूनच तिनं हे शिकून घेतलं होतं, की लोकांसमोर आपलं नातं लावायचं नाही. त्यांची लाज ती त्यांच्यासाठी झाकत होती, आणि एवढ्या नीटपणे झाकत होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“फेस फार आहे,” ते कसेबसे म्हणाले.

“फेस काढला तर वास जातो, सर. खाली काय आहे त्याचा निरोप तो आधी नाकाला देतो. तुम्ही निववलेली बिअर पीत होतात. गार झालेली भजी खाऊन कुणी आचाऱ्याला नावं ठेवतं का?”

“मी दोन्हीकडे तसंच...”

“कळलं,” योगिनी म्हणाली. “दोन्हीकडच्या लोकांनी फोन केले होते. एक मोजपट्टीवाले काका फिरतायत म्हणून.”

हर्षलला आता कंठ फुटला. “सर, आमच्या मॅडम फार कडक आहेत बिअरच्या बाबतीत. मागच्या महिन्यात एक टाकी जरा आंबटसर लागली. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नसतं. मालक म्हणाले, जाऊ द्या, सणाचे दिवस आहेत. ह्यांनी अख्खी टाकी गटारात सोडली. मालक इतके ओरडले, पण ह्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, पास नाही म्हणजे नाही.”

नवनाथराव मुलीकडे बघत राहिले. ओझरला ते असेच उभे राहायचे. वरचे साहेब ओरडायचे, डिलिव्हरीची घाई असायची, आणि ते लाल चिठ्ठी हातात घेऊन खांबासारखे उभे राहायचे. घरी आल्यावर याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. मग ही पोरगी हे शिकली कुठून? त्यांना वाटलं, आपण एवढी वर्षं सगळं जग तपासत बसलो आणि घरातला एकमेव पास झालेला नग फूड प्रोसेसिंग म्हणून दडवून ठेवला.

“हां, तर साहेब, निकाल?” पिंगळे हळूच म्हणाले.

नवनाथराव उठून उभे राहिले. मोजपट्टी घडी करून खिशात ठेवली.

“इथला निकाल मी देऊ शकत नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा लागला आणि शेजारची टेबलं वळून बघू लागली. “तपासनीसानं स्वतःच्या माणसाचा माल तपासायचा नसतो. हा नियम आहे. ही बिअर बनवणारी योगिनी नवनाथ बोरस्ते, ही माझी मुलगी आहे. सख्खी! हिला विमानाच्या कारखान्यात घेतलं असतं तर मला घरी बसवलं असतं, अशी आहे. तेव्हा परीक्षक म्हणून मी राजीनामा देतो.”

माळ्यावर कुणीतरी टाळी वाजवली. पगारे आणि पिंगळे यांनी आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला, तो त्यांना फारसा जमला नाही.

योगिनी वळून नळाशी गेली, नवा ग्लास भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. “आता परीक्षक नाही ना? मग नीट प्या. फेसासकट.”

नवनाथरावांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि भलामोठा घोट घेतला. नाकाला भाजलेल्या नागलीचा वास आला, आईच्या चुलीवरच्या भाकरीचा वास. त्यांना तो आवडला. हे त्यांनी कबूलही केलं, आणि मग दुसरा घोट घेतला आणि तेही कबूल केलं.

“आता बोला,” पगारे पिंगळ्यांना म्हणाले. “बार्लीवाडीवर अन्याय झालाय. परत जायला लागेल. फेसासकट.”

“अन् हंड्यावर नाय झाला का? उद्याच जाऊ,” पिंगळे म्हणाले. दोघंही एकाच बशीतले शेंगदाणे खात होते आणि निकाल देणाऱ्यात दम नव्हता यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं होतं.

संध्याकाळी परतताना योगिनी स्कूटर मचाणलाच ठेवून गाडी चालवत होती. प्यायचा परवाना असला तरी पिऊन गाडी चालवायची नसते, हे नवनाथरावांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं, दोनदा. द्वारकेच्या चौकात गाडी अडकली. तिथं ती अडकतेच. शेजारच्या रिक्षात भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन पुतळाबाई बसल्या होत्या. नवनाथरावांनी काच खाली केली. आता माघार घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि पोटातली नागलीही त्यांच्या बाजूनं होती.

“पुतळाबाई!” त्यांनी हाक मारली. “आमची योगिनी बिअर बनवते! मचाणमध्ये! मुख्य आहे ती तिथं!”

आजूबाजूचे दुचाकीवाले वळून बघू लागले. पुतळाबाईंनी पदर सावरला.

“ठाऊक आहे की,” त्या म्हणाल्या. “आमचा बंटी दर शनिवारी तिथंच असतो. अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे, बोरस्ते साहेब. तुम्ही फूड प्रोसेसिंग म्हणता म्हणून आम्हीही म्हणतो.”

नवनाथराव सावकाश मागे वळले. मागच्या सीटवर पगारे डाव्या खिडकीतून आणि पिंगळे उजव्या खिडकीतून द्वारकेची वाहतूक मोठ्या कुतूहलानं बघत होते.

“मचाण दोघांनी एकदम सांगितलं होतं, नाही का?” नवनाथराव म्हणाले.

“सिग्नल सुटला बघा,” पिंगळे म्हणाले. सिग्नल सुटला नव्हता.

योगिनी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवनाथराव थोडा वेळ रुसून बसले. मग त्यांना राहवेना. समोरच्या बसकडे बघत, जणू बसलाच विचारतोय अशा आवाजात त्यांनी विचारलं, “मग बंगळुरूला उद्या काय कळवणार आहेस?”

योगिनीनं बाहीनं डोळे पुसले. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला होता. तिनं गिअर टाकला.

“नाही म्हणून कळवते, पप्पा,” ती म्हणाली. “नाशिकचा निकाल अजून लागायचाय.”